विलीनीकरण, कूळकायदा, मराठी: मगो पक्षाची धोरणे कशी बदलत गेली

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची (मगोची) मूळ मागणी, गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याची, त्याच्या नावातच आहे. त्या मागणीवर गोव्याच्या मतदारांनी १६ जानेवारी १९६७ रोजी निकाल दिला आणि तो पक्षाच्या विरोधात गेला. तरीही पुढची बारा वर्षे गोव्याची सत्ता, राष्ट्रपती राजवटीचा अल्प काळ सोडला तर, याच पक्षाच्या हातात होती. १९७९ मध्ये सत्ता गेली तेव्हा विलीनीकरणाचा विषय कुणाच्या तोंडी फारसा उरलेला नव्हता.

मगोचा इतिहास साधारणपणे चढ आणि उतार असा सांगितला जातो: दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकरांचा काळ, ताईंचा म्हणजे त्यांच्या कन्या शशिकला काकोडकरांचा काळ, मग फाटाफूट. ते खोटे नाही, पण त्यातून धोरण कसे बदलले ते कळत नाही. या पक्षात तीन वेगळ्या मागण्या एकत्र आल्या होत्या. गोवा महाराष्ट्रात जावा ही पहिली. कुळाला आणि मुंडकाराला (दुसऱ्याच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्याला) जमीन-घराचा हक्क मिळावा व बहुजनांची मुले शाळेत जावीत ही दुसरी. मराठीला राजभाषेचे स्थान मिळावे ही तिसरी. पहिली मतपेटीत हरली. दुसरी बऱ्याच अंशी पूर्ण झाली, म्हणूनच मते मिळवून देईनाशी झाली. तिसरीवर १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे दुसऱ्या पक्षांनी ती आपलीशी केली. तिन्ही गाठी वेगवेगळ्या वेळी सुटल्या, त्यामुळे पक्षाची विचारसरणी नेमकी कोणत्या दिवशी बदलली हे सांगता येत नाही.

१९६३ चे गणित

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६३ च्या डिसेंबरमध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. गोवा, दमण आणि दीव मिळून ३० जागा, त्यांपैकी २८ गोव्यात. मगो आणि त्याच्या सोबतच्या प्रजा समाजवादी उमेदवारांनी मिळून १६ जागा घेतल्या. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला, म्हणजे यूजीपीला, १२ मिळाल्या. देशभर सत्तेत असलेल्या आणि गोवा मुक्त करणाऱ्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा नव्हती. तिची एकमेव जागा दमणची. दिल्लीला हा धक्का होता, पण गावातल्या माणसाला नव्हता.

कारण गावातल्या माणसाचा प्रश्न जमिनीचा होता. जमीन एक तर भाटकाराची म्हणजे जमीनदाराची, नाही तर कोमुनिदादची म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक संस्थेची किंवा देवस्थानची. शेत कसणारे ते कूळ. भाटकाराच्या जागेत झोपडी किंवा घर बांधून राहणारा, त्याच्या माडाबागेवर नजर ठेवणारा आणि बोलावले की कामाला जाणारा तो मुंडकार. मुंडकाराचे घर त्याचे, पण खालची जमीन परक्याची. भाटकार बिघडला की बिऱ्हाड उचलावे लागे. भाटकार हिंदूही होते आणि ख्रिस्तीही. त्यामुळे मगो विरुद्ध यूजीपी ही निव्वळ हिंदू-ख्रिस्ती लढत होती असे म्हणणे अर्धवट आहे. धर्माची रेघ होतीच, पण तिच्यावरून जमिनीची रेघ आडवी जात होती.

इथे महाराष्ट्र येतो. मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा होता आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणाऱ्याला मालक मानण्याची प्रक्रिया तिथे सुरू झाली होती. गोवा महाराष्ट्रात गेला तर तो कायदा आयता मिळेल, राज्यकर्ते बहुजन समाजातले असतील आणि गोव्यातल्या मूठभर शिकलेल्या वर्गाच्या हाती प्रशासन जाणार नाही, हा हिशेब पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा अशा नव्या काबिजादींतल्या (पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेल्या तालुक्यांतल्या) मतदाराला पटत होता. विलीनीकरण त्याच्या दृष्टीने साधन होते. पक्षाच्या सभांमध्ये मात्र ते साध्य म्हणून मांडले गेले. पुढे झालेली बरीचशी गफलत या फरकातून आली.

दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक. त्यांनी १९६३ ची निवडणूक लढवली नव्हती. मुख्यमंत्री झाल्यावर ते मडकईच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. भाटकारशाहीविरुद्धच्या पक्षाचे नेतृत्व एका धनिकाकडे असण्यात तेव्हाही काहींना विसंगती दिसत होती. पण खाणीचा पैसा जमिनीच्या खंडावर अवलंबून नव्हता, त्यामुळे कूळकायदा करताना मुख्यमंत्र्याचे स्वतःचे नुकसान होण्याचा प्रश्न आला नाही.

जनमत कौल

१९६५ मध्ये मगोने बहुमताच्या जोरावर विधानसभेत विलीनीकरणाचा ठराव मंजूर करून घेतला. यूजीपीचे म्हणणे असे, की साध्या निवडणुकीत माणसे अनेक कारणांनी मत देतात आणि केंद्रशासित गोव्याचे वेगळे अस्तित्व मिटवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. शेवटी केंद्राने १९६६ च्या डिसेंबरमध्ये स्वतंत्र कायदा करून जनमत कौल घ्यायचे ठरवले. सरकारी यंत्रणेचा वापर होऊ नये म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला. मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती: विलीनीकरणासाठी फूल, वेगळे राहण्यासाठी दोन पाने. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मत नव्हते.

मतदान सुमारे ८२ टक्के झाले. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

हा फरक कुठून आला हे पाहण्यासारखे आहे. ख्रिस्ती मते जवळपास एकगठ्ठा विरोधात जाणार हे सर्वांना ठाऊक होते, पण तेवढ्याने कौल जिंकता आला नसता. हिंदू मतांतला एक भाग फुटला तेव्हाच निकाल फिरला. विलीनीकरणविरोधी प्रचार मराठीतूनही झाला. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ दैनिकाने ती बाजू जोरात लावून धरली, तर पणजीचा ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने होता. मुक्तीनंतर महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांबद्दल नाराजी होती. उद्या जिल्हा झालो तर नोकऱ्या कुणाला, हा प्रश्न शिकलेल्या तरुणांना सतावत होता. त्यात महाराष्ट्रातल्या दारूबंदीची भर पडली. माडाची सूर काढणारे रेंदेर, भट्ट्या, तावेर्न (दारूचे गुत्ते) यांचा संसार त्यावर चाले, आणि ही माणसे दोन्ही धर्मांतली होती.

आणि मग खरी गंमत. २८ मार्च १९६७ ला, कौलानंतर सव्वादोन महिन्यांत, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा मगोला १६ आणि यूजीपीला १२ जागा मिळाल्या. ज्या मतदाराने विलीनीकरण नाकारले त्यानेच विलीनीकरणवादी पक्षाला पुन्हा गादीवर बसवले. त्याने मागणी आणि पक्ष यांची फारकत पक्षाच्या आधीच करून टाकली होती. पक्षाला ते कळायला वेळ लागला, आणि कळल्यावरही नाव बदलण्याचे धाडस कुणी केले नाही. नाव आणि सिंहाचे चिन्ह गावागावांत पोचले होते. वाचता न येणाऱ्या मतदाराला सिंह ओळखता येत होता, आणि १९६१ साली गोव्यात दर तिघांमागे जवळपास दोघे निरक्षर होते.

जमीन आणि शाळा

कौलानंतरचा मगो हा व्यवहारात दुसऱ्या मागणीचा पक्ष झाला. १९६४ मध्येच कूळवहिवाटीचा कायदा आला होता. त्याने कुळाला संरक्षण दिले, खंडाला मर्यादा घातली, मनमानी काढून टाकण्याला आळा घातला. पण मालकी दिली नाही. ती बांदोडकरांच्या मृत्यूनंतर आली. १२ ऑगस्ट १९७३ रोजी ते गेले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या सरकारने १९७५ मध्ये मुंडकार संरक्षण कायदा आणि १९७६ मध्ये कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती केली. पाचव्या दुरुस्तीने कुळाला जमिनीचा खरेदीदार मानले. मुंडकार कायद्याने घराखालची आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत आणि पालिका क्षेत्रात २०० पर्यंत.

कायदा करणे आणि तो गावात उतरणे यांत अंतर राहिले, आणि त्याची कारणे तपशिलात आहेत. कुळाने आपण कूळ आहोत हे आधी सिद्ध करायचे. बऱ्याच जणांकडे खंडाच्या पावत्या नव्हत्या, कारण भाटकार पावती देतच नसे. खंड भाताच्या रूपात जाई, त्याची नोंद कुठे? मग मामलेदाराकडे दावा, साक्षीदार, अपील. मुंडकाराच्या बाबतीत आणखी एक अडचण: भाटकार म्हणे, हा मुंडकार नव्हे, भाडेकरू आहे किंवा नुसता राखणदार आहे, आणि कायद्याने त्या दोघांना वेगळे धरले होते. पाचव्या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान मिळाले. शेवटी १९८४ च्या ४७ व्या घटनादुरुस्तीने मूळ कूळकायदा आणि ही दुरुस्ती दोन्ही नवव्या अनुसूचीत घातली गेली. कायदा केला मगोने, त्याला संरक्षक कवच मिळाले ते काँग्रेसच्या केंद्रात आणि काँग्रेसच्याच गोव्यात. श्रेय कुणाचे हा वाद त्या वर्षांत रंगला असला तरी कुळाच्या दृष्टीने एक गोष्ट पक्की झाली. जमीन टिकवायची तर आता मगोलाच मत द्यायला हवे असे उरले नव्हते.

शाळांचेही तसेच. गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा काढणे हे बांदोडकरांचे सर्वांत टिकाऊ काम म्हणावे लागेल. पोर्तुगीज काळात सरकारी शिक्षण पोर्तुगीजमधून होते, आणि मराठी शाळा चालायच्या त्या लोकांच्या वर्गणीवर, देवळाच्या आवारात किंवा कुणाच्या पडवीत. सरकारच मराठी शाळा काढते आणि शिक्षकाचा पगार देते, हा बदल बहुजन कुटुंबासाठी प्रचंड होता. त्या शाळांतून शिकलेली मुले पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सरकारी नोकरीत, बँकेत, खाणींच्या कचेऱ्यांत शिरली. त्यांतली पुष्कळशी मतदार म्हणून मगोशी बांधलेली राहिली नाहीत.

पक्षातला असंतोष मात्र आधीपासून होता. १९७० मध्ये मगोच्या आमदारांच्या एका गटाने बांदोडकरांविरुद्ध बंड केले. आक्षेप विलीनीकरणावर नव्हता. एकहाती कारभारावर होता. सरकार वाचले ते यूजीपीतून फुटलेल्या गटाच्या मदतीने. कौलात समोरासमोर उभे राहिलेले दोन पक्ष, आणि तीन वर्षांत एकाचे सरकार दुसऱ्याच्या तुकड्यावर उभे! मतदारांनी याची शिक्षा दिली नाही. १९७२ मध्ये मगोला १८ जागा मिळाल्या, आजवरची त्या ३० जणांच्या सभागृहातली त्याची सर्वोत्तम कामगिरी. त्या वर्षी सत्तरीतून मगोचे आमदार झालेले प्रतापसिंह राणे बांदोडकरांच्या मंत्रिमंडळात होते. पुढे तेच काँग्रेसचे मुख्यमंत्री म्हणून सर्वांत जास्त काळ राहिले.

विरोधक नाहीसा होतो तेव्हा

१९७७ च्या निवडणुकीत मगोला १५, काँग्रेसला १० आणि जनता पक्षाला ३ जागा मिळाल्या. या आकड्यांत यूजीपी दिसत नाही. तिचे नेते काँग्रेस आणि जनता पक्षात विखुरले होते. गोवा वेगळा ठेवणे एवढ्यासाठी जन्मलेला पक्ष काम झाल्यावर आवरता झाला. मगोने तसे केले नाही, आणि त्याची किंमत लगेच दिसली. समोर ‘विलीनीकरणविरोधी’ असा कुणी उरला नसताना विलीनीकरणवादी कुणाशी लढणार? काँग्रेस आता भाटकारांचा पक्ष म्हणून हिणवता येईल अशी राहिली नव्हती. मगोमधूनच माणसे तिच्यात जात होती.

एप्रिल १९७९ मध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी साथ सोडल्याने काकोडकर सरकार पडले. पक्षांतरबंदी कायदा तेव्हा नव्हता. जानेवारी १९८० मध्ये काँग्रेस (यू) ला, म्हणजे इंदिरा गांधींपासून वेगळ्या झालेल्या अर्स काँग्रेसला, २० आणि मगोला ७ जागा मिळाल्या. निवडून आलेली काँग्रेस (यू) काही दिवसांत इंदिरा काँग्रेसमध्ये गेली. तिच्या पाठोपाठ शशिकला काकोडकर आणि मगोतील बरेच जणही गेले. रमाकांत खलप आणि थोड्या कार्यकर्त्यांनी पक्षाचे नाव आणि चिन्ह राखले. काकोडकर काँग्रेसमध्ये रमल्या नाहीत. त्यांनी वडिलांच्या नावाने भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष काढून पाहिला, तो चालला नाही, आणि त्या मगोत परतल्या. १९८४ मध्ये मगोच्या ८ जागा होत्या.

या पडत्या काळात पक्षाला पुन्हा उभे केले ते भाषेच्या प्रश्नाने. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली होती. १९८५ पासून कोंकणी राजभाषेची मागणी रस्त्यावर आली आणि कोंकणी प्रजेचो आवाज ही संघटना तिच्या अग्रभागी राहिली. मराठीवाद्यांचे प्रतिआंदोलन झाले. १९८६ च्या डिसेंबरात हिंसाचार झाला, माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा झाला. देवनागरीतली कोंकणी राजभाषा आणि सर्व किंवा कोणत्याही सरकारी कामासाठी मराठीचाही वापर, अशी त्यातली तरतूद. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले, दमण-दीव वेगळे झाले आणि विधानसभेच्या जागा ४० झाल्या.

घटक राज्य म्हणजे विलीनीकरणाच्या मागणीवरचे शेवटचे कुलूप. एरवी याने पक्ष संपायला हवा होता. झाले उलट. १९८९ च्या निवडणुकीत मगोने ४० पैकी १८ जागा जिंकल्या, काँग्रेसला २० मिळाल्या. राजभाषा कायद्यात मराठीला बरोबरीचे स्थान मिळाले नाही ही बोच नव्या काबिजादींत ताजी होती आणि ती मते सिंहाकडे गेली. १९६३ चा मगो जमिनीच्या रागावर उभा होता, १९८९ चा मगो भाषेच्या. नाव, चिन्ह, बरेचसे मतदारसंघ तेच. मधल्या काळात भाटकाराचा विषय भाषणांत नावापुरता उरला होता.

१९९०: ज्याच्याशी भांडण, त्याच्याशी सोबत

मार्च १९९० मध्ये काँग्रेसमधून एक गट फुटला आणि त्याच्या साथीने मगो अकरा वर्षांनी सत्तेत आला. मुख्यमंत्री झाले चर्चिल आलेमाव. तीन वर्षांपूर्वी कोंकणी आंदोलनात सासष्टीचे रस्ते अडवणाऱ्यांत ते आघाडीवर होते. ते अठरा दिवस टिकले. त्यांच्यानंतर लुईस प्रोत बार्बोझा आले, तेही कोंकणीच्या बाजूचे. मगोच्या कार्यकर्त्याला हे गिळणे सोपे गेले नसणार.

पण याच सरकारात शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री होत्या आणि १९९० मध्ये त्यांच्या खात्याने घेतलेला निर्णय पुढची पंचवीस वर्षे गोव्याच्या राजकारणाला पुरला. प्राथमिक स्तरावर सरकारी अनुदान फक्त प्रादेशिक भाषेतून, म्हणजे मराठी किंवा कोंकणीतून, शिकवणाऱ्या शाळांना मिळेल. इंग्रजी प्राथमिक शाळांचे अनुदान बंद. त्याचा एक परिणाम असा झाला, की चर्चच्या व्यवस्थापनाखालच्या अनेक प्राथमिक शाळा देवनागरी कोंकणीकडे वळल्या. मराठीवादी पक्षाच्या मंत्र्याने कोंकणी माध्यमाला सर्वांत मोठा पाया घालून दिला असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. मराठी विरुद्ध कोंकणी हा वाद इथून मातृभाषा विरुद्ध इंग्रजी असा वळला. मगोची तिसरी मागणीही त्यामुळे एकट्या मगोची राहिली नाही.

सरकार वर्षभरही चालले नाही. पक्षाचे एक नेते रवी नाईक मगोचे आमदार फोडून बाहेर पडले आणि २५ जानेवारी १९९१ रोजी काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात तेव्हा फुटीला सवलत होती. विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर अपात्रता येत नसे. १८ च्या एक तृतीयांश म्हणजे सहा, आणि त्याहून जास्त आमदार आपल्याबरोबर असल्याचा दावा त्यांनी केला. या गोंधळातून सर्वोच्च न्यायालयात गेलेला खटला १९९४ मध्ये निकाली निघाला. पक्षाचे सदस्यत्व ‘स्वेच्छेने सोडणे’ म्हणजे लेखी राजीनामाच हवा असे नाही, वागणुकीवरूनही ते ठरवता येते, हे तत्त्व या निकालातले. देशभरातल्या अपात्रतेच्या प्रकरणांत तो आजही उद्धृत होतो. मगोच्या फुटीची ही एक कायमची नोंद.

भाजपशी युती आणि मतांचे हस्तांतर

१९९४ मध्ये मगोने भाजपशी युती केली. त्याआधी गोव्यात भाजपचा एकही आमदार नव्हता. निकालात मगोला १२, भाजपला ४. मनोहर पर्रीकर, श्रीपाद नाईक, दिगंबर कामत ही नावे त्या चौघांतली. श्रीपाद नाईक निवडून आले ते मडकईतून, म्हणजे बांदोडकरांनी ज्या मतदारसंघातून सभागृहात पाऊल ठेवले तिथूनच.

युतीत थोरला भाऊ कोण हे १९९४ मध्ये स्पष्ट होते. पाच वर्षांनी उलटे झाले. १९९६ मध्ये खलप उत्तर गोव्यातून लोकसभेवर गेले आणि देवेगौडा सरकारात कायदा राज्यमंत्री झाले, म्हणजे दिल्लीत भाजपविरोधी आघाडीत. जो मतदार युतीमुळे एकदा कमळावर शिक्का मारायला शिकला होता त्याला आता दोन सारख्याच पेढ्यांतून एक निवडायची होती, आणि एका पेढीच्या मागे देशभरचा पक्ष होता. १९९९ मध्ये भाजपला १०, मगोला ४. खलप पुढे काँग्रेसमध्ये गेले.

छोट्या प्रादेशिक पक्षाच्या युतीत काय बिघडते ते इथे जवळून दिसते. जागा सोडल्या की त्या मतदारसंघातले कार्यकर्तेही हळूहळू सोडले जातात. बूथवरचा माणूस पाच वर्षे दुसऱ्याच्या उमेदवारासाठी राबतो, त्याची कामे त्या आमदाराकडून होतात, आणि पुढच्या खेपेला तो परत येत नाही. पक्षाचा विचार वेगळा असेल तर काही जण त्या विचारासाठी तरी परततात. मगोचे तसे नव्हते. मराठी, देवस्थाने, बहुजन हिंदू मतदार यांतले भाजपला न बोलता येण्यासारखे काहीच नव्हते. विलीनीकरण हीच काय ती निव्वळ मगोची गोष्ट होती, आणि ती १९६७ मध्येच गेली होती.

त्यानंतरचे आकडे पटकन सांगून टाकता येतात: २००२ मध्ये २, २००७ मध्ये २, २०१२ मध्ये ३, २०१७ मध्ये ३, २०२२ मध्ये २. १९९९ मध्ये सुदिन ढवळीकरांनी मडकई पक्षाकडे परत आणली आणि तेव्हापासून पक्षाचा गाडा ढवळीकर बंधूंभोवती फिरतो. पर्रीकरांच्या सरकारला पाठिंबा, मग तोवर भाजप सोडून काँग्रेसमध्ये गेलेल्या कामतांच्या सरकारात मंत्रिपद, मग २०१२ मध्ये पुन्हा भाजपशी युती.

माध्यमाच्या प्रश्नावर पक्षाची कसोटी एकदा लागली. २०११ मध्ये काँग्रेस सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदानाचा मार्ग मोकळा केला. २०१२ मध्ये आलेल्या भाजप सरकारने अल्पसंख्याकांच्या शाळांचे ते अनुदान चालू ठेवले. त्यावरून भारतीय भाषा सुरक्षा मंचाने आंदोलन पेटवले, आणि २०१६ मध्ये सुभाष वेलिंगकरांना संघाच्या गोव्यातील प्रमुखपदावरून दूर केल्यावर गोवा सुरक्षा मंच हा पक्ष निघाला. मगोने भाजपची साथ सोडून या मंचाशी आणि शिवसेनेशी युती करून २०१७ ची निवडणूक लढवली. निकालानंतर काही दिवसांतच मगोचे तिन्ही आमदार पर्रीकर सरकारच्या मागे उभे राहिले. अनुदान चालूच राहिले. १९९० चा निर्णय घेणाऱ्या पक्षाने त्यावरचा आग्रह किती काळ धरला याचे उत्तर या काही दिवसांत आहे, जाहीरनाम्यात शोधून सापडणार नाही. पक्षाचे धोरण तपासायचे तर जाहीरनाम्यापेक्षा शपथविधीच्या दिवशीची यादी जास्त उपयोगी पडते, निदान गोव्यात तरी.

तीनचे दोन

मार्च २०१९ मध्ये पर्रीकरांचे निधन झाले, प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले आणि सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्री. आठवडाभरात मध्यरात्री मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी आपण भाजपमध्ये विलीन झाल्याचे पत्र दिले आणि ढवळीकरांचे मंत्रिपद गेले. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची सवलत काढून टाकली होती. आता बचाव फक्त विलीनीकरणाचा, आणि त्याला दोन तृतीयांश आमदार लागतात. तिघांत ते दोन होतात. १८ आमदारांच्या पक्षाला जे करायला बारा जण लागले असते ते इथे दोघांनी केले.

२०२२ मध्ये मगोने तृणमूल काँग्रेसशी युती केली, ज्या पक्षाशी मराठी, कूळ, मुंडकार यांतला एकही धागा जुळत नव्हता. मडकईतून सुदिन ढवळीकर आणि मांद्रेतून जीत आरोलकर निवडून आले. भाजपला २० जागा मिळाल्या, बहुमताला एक कमी. मगोने लगेच पाठिंबा दिला आणि ढवळीकर पुन्हा मंत्री झाले.

राज्य पक्ष म्हणून मान्यता टिकवण्याच्या निकषांपैकी एक असा आहे: विधानसभेला वैध मतांपैकी किमान सहा टक्के मते आणि किमान दोन आमदार. मगोने २०२२ मध्ये हा निकष पार केला, मतांच्या बाबतीत दीडेक टक्का राखून आणि आमदारांच्या बाबतीत काहीही न राखता. पक्षांतराच्या हिशेबात मात्र दोन हा आकडा तीनपेक्षा बरा पडतो. दोघांतला एक गेला तर तो दोन तृतीयांश होत नाही. जायचे तर दोघांनाही जावे लागते.